साकव पावसाळ्यात नसतो

पुलांच्या कामावर होतो म्हटलं की लोक हटकून विचारतात, "मग कुठले कुठले पूल तुमचे?" मी दोन-तीन नावं सांगतो आणि विषय बदलतो. कारण शाखा अभियंता म्हणून माझी निम्मी नोकरी न झालेल्या पुलांवर गेली आहे. त्यांचे नकाशे काढले, त्यांच्यासाठी नदीत गळ्यापर्यंत उतरलो, त्यांच्यापायी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, पण ते दाखवायला कोणाला कुठे नेणार?

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्या आखूड आणि तापट. सकाळी सह्याद्रीवरून निघालेलं पाणी संध्याकाळी समुद्रात असतं. ज्या पात्रात उन्हाळ्यात गुरं बसतात, तिथे आषाढात माणूस उभा राहू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक वाडीला पूल हवा असतो, आणि तो मागण्यात चूक काही नाही. मात्र बाहेरच्यांना वाटतं की पूल इंजिनिअर बांधतो. तसं नसतं. पूल आधी बैठकीत उभा राहतो. प्रस्ताव येतो, पाहणी होते, प्राक्कलन म्हणजे खर्चाचा अंदाज तयार होतो, वाहतूक मोजली जाते आणि मग यादी लागते. मागण्या ढीगभर आणि निधी मूठभर, त्यामुळे यादीत वर कोण आणि खाली कोण यावर सगळी मारामारी. तळाच्या पुलाला कोणी नाही म्हणत नाही, फक्त "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात.

या यादीपायी नाना तऱ्हेची माणसं भेटली. एका बागाईतदारांनी मला त्यांच्या हापूसच्या कलमांभोवती फिरवून विचारलं होतं, "पूल जरा वळवून घेता येत नाही का हो?" दापोलीकडे मुरुडजवळ एक निवृत्त मास्तर होते. ते दर महिन्याला स्वतःच्या हाताने काढलेलं पुलाचं चित्र आमच्या कार्यालयाला पाठवत. चित्रात पुलावर एक एसटी असायची आणि तिच्या पहिल्या खिडकीत टोपी घातलेले ते स्वतः. आम्ही हसायचो. आज वाटतं, त्या माणसाएवढी स्पष्ट मागणी कोणीच केली नव्हती.

पण लिहायला बसलो ते एकाच पुलासाठी. त्यात माझी चूक आहे आणि ती मीच सांगितलेली बरी.

सावर्ड्याच्या बाजारपेठेतून आत गेलं की नदीपलीकडे एक वाडी लागते. तिला आपण पिंपळकोंड म्हणू, खरं नाव नको. घरं नदीच्या पलीकडे. शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा सगळं अलीकडे. येण्याजाण्याला साकव. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरलं की वाडीतले लोक पात्रात किंजळीच्या मेढी रोवत, त्यांवर ऐनाचे वासे टाकत आणि वर चिव्याचे बांबू अंथरून वेलींनी आवळत. मिरगाच्या आधी सगळा साकव सोडून लाकूड उंचावर नेऊन ठेवत. नाही नेलं तर लोंढ्याबरोबर ते समुद्रात. तेव्हा साकवाचं आयुष्य सात महिन्यांचं. उरलेले पाच महिने डोंगरातून तीन तासांचा वळसा.

हा साकव घालण्यात तात्या गुरव म्हणजे शेवटचा शब्द. सत्तरीचा, काटकुळा माणूस. कुठली मेढ कुठे रोवायची हे ते पायाने वाळू चाचपून सांगत. मी डिप्लोमावाला, हातात टेप घेऊन उभा असे. पण त्यांच्या दोन मेढींमधलं अंतर मी कधी चुकलेलं पाहिलं नाही. त्यांचा मुलगा विलास कल्याणला असायचा. तो दर वर्षी म्हणायचा, चला माझ्याकडे. तात्या म्हणायचे, "आनि साकव कोन घालनार?"

पिंपळकोंडच्या पुलाचा प्रस्ताव मी तयार केला आणि ऐन थंडीत मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. मोठे साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ, पुणे भागातले, हुशार आणि सरळ माणूस. बदलून नुकतेच आले होते. पाहणीचा निरोप मीच तात्यांना दिला.

"सायेब, तुमी काय काळजी करू नका," तात्या म्हणाले. "मोटे सायेब येनार म्हंजे आमच्या वाडीच्या इज्जतीचा सवाल हाय. पाय ओला होनार नाय त्यांचा."

पाहणीच्या दिवशी मी साहेबांना घेऊन नदीवर पोचलो आणि बघतच राहिलो. साकवाला दोन्ही बाजूंनी नवा कठडा, त्याला आंब्याचे टहाळे बांधलेले. बांबू घासूनपुसून लख्ख. पलीकडच्या तोंडाशी सडा आणि रांगोळी. सगळी वाडी हात जोडून उभी. साहेब मधोमध थांबले, खाली वाकून पाणी पाहिलं, फोटो काढून घेतला, पलीकडे जाऊन शहाळं प्यायले आणि म्हणाले, "वा! हे तर जपून ठेवलं पाहिजे." तात्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

परत येताना साहेबांनी पाहणीचा शेरा सांगितला आणि मी लिहून घेतला: विद्यमान साकव सुस्थितीत आहे. पावसाळ्यात तो काढून ठेवतात, हे मी लिहिलं नाही. लपवलं असंही नाही. माझा जन्म लांज्याजवळचा. लहानपणापासून साकव असाच पाहिलेला. साकव पावसाळ्यात नसतो हे मला सांगण्यासारखं वाटलंच नाही, जसं रात्री ऊन नसतं हे कोणी सांगत नाही. साहेब देशावरचे आहेत आणि फाइल पुढे मुंबईला जाणार आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि दुसरं खरं कारण असं की तात्या मागोमाग चालत होते. त्यांच्यासमोर त्यांच्या साकवाची उणीव लिहायला हात धजला नाही.

यादी लागली तेव्हा पिंपळकोंड तळाला होतं.

दसरा झाल्यावर एक बाई कार्यालयात आल्या. सुनंदा कांबळे, पिंपळकोंडच्या आशा सेविका. गरोदर बायका, तान्ही मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांची औषधं आणि दवाखाने त्यांच्याकडे. शिवाय त्याच वर्षी ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या. माहितीच्या अधिकारात मिळवलेला एक कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"सुस्थितीत म्हणजे काय हो, साहेब?"

मी काहीतरी तांत्रिक सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "श्रावणात माझ्या जावेला डोलीत घालून डोंगरातनं नेली. तीन तास. वाटेत एका झाडाखाली बाळंत झाली, वर छत्र्या धरून. दोघी वाचल्या, नशीब. तेव्हा हा साकव कुठे सुस्थितीत होता?"

"अहो ताई, पावसाळ्यात साकव नसतो हे सगळ्यांनाच—"

"सगळ्यांना म्हणजे कोणाला? मुंबईतल्या टेबलाला माहीत आहे?"

मी कागद हातात घेऊन शेरा पुन्हा वाचला.

"वाडीत चौदा घरं उघडी आहेत," त्या उठता उठता म्हणाल्या. "पूल झाला नाही तर थोड्या वर्षांत नुसती कुलपं राहतील. मी काही जाणार नाही. पण मी एकटी राहिले तर त्याला वाडी म्हणतात का?"

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून मापं चुकली, हिशेब चुकले, कोणी झापलं तरी मी ते विसरलो. पण शब्द बरोबर असूनही माणसं त्यात बुडू शकतात हे मला तेव्हा कळलं. ठरवलं, हा पूल व्हायलाच पाहिजे.

पहिली युक्ती सुचली ती अगदी बावळट होती. दिवाळीत जाऊन मी तात्यांना म्हटलं, या वर्षी साकव घालूच नका. पुन्हा पाहणी मागवतो, साहेबांना रिकामी नदी दिसू दे.

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच शाळेतला पोर झालो. "आनि पोरांनी शाळंत कसं जायचं? पान्यातनं? सरकारला दाखवायला?" मग म्हणाले, "पाव्हना घरी येनार, त्याला चिखलात उभा करायचा? आमच्या बापजाद्यांनी असं केलं नाय, सायेब."

मी खाली मान घालून परत आलो. ते बरोबरच बोलले होते. खोटी अडचण दाखवायची गरजच काय, खरी अडचण दर वर्षी आषाढात येत होती. पाहणीला मात्र कोणी आषाढात जात नव्हतं, कारण पाहणीचे दौरे रस्ते सुके असताना निघतात. मग आषाढात मीच रजा टाकली आणि रेनकोट घालून तीन दिवस अलीकडच्या काठावर वाहतूक मोजायला बसलो.

वाहतूक गणनेचा छापील तक्ता असतो. त्यात बस, ट्रक, मोटार, दुचाकी, सायकल, बैलगाडी असे रकाने. पुलाला निधी मिळतो तो या रकान्यांवर. आता नदीवर पूलच नाही, तर बस येणार कुठून? पहिल्या दिवसाच्या सगळ्या रकान्यांत मी शून्य भरलं. पलीकडून सुनंदाताई ओरडल्या, "साहेब, काय मोजलंत?" मी ओरडलो, "काही नाही!" त्यांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलीने खाली नवे रकाने आखले. काठापर्यंत येऊन परत गेलेले. डोंगरातून वळसा घालून आलेले. दोर धरून पाण्यातून आलेले. डोलीतून आणलेले. असे रकाने भरायला कोणी परवानगी दिली नव्हती, पण भरू नका असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. काठापर्यंत येऊन परत जाणारे लोक मी आयुष्यात पहिल्यांदा मोजले. दप्तर छातीशी धरून उभ्या मुली, पाटी घेऊन आलेली कोळीण, पगाराच्या दिवशी बँकेत निघालेले मास्तर. पाणी बघत ती सगळी थोडा वेळ थांबायची आणि मुकाट्याने मागे फिरायची.

त्याच महिन्याच्या शेवटी रत्नागिरीला निधीवाटपाची बैठक होती. आमच्यासारखे शाखा अभियंते अशा बैठकीला मागच्या रांगेत फाइल धरून बसतात. विचारलं तर पान काढून द्यायचं, एरवी तोंड बंद. पिंपळकोंडशी स्पर्धेत होता समुद्राकडचा एक मोठा पूल. त्या बाजूचे प्रतिनिधी काही वेडंवाकडं मागत नव्हते. मासळीचे ट्रक, कॉलेजची मुलं, पर्यटक, त्यांचे सगळे रकाने भरगच्च होते. आमच्या बाजूने सुनंदाताई निवेदन घेऊन दाराशी बसल्या होत्या.

पिंपळकोंडचं नाव निघालं तसं व्यासपीठावरून कोणीतरी म्हणालं, "चौदा घरं? त्यापेक्षा त्यांना रत्नागिरीत फ्लॅट दिले तर स्वस्त पडेल!" सगळे हसले. सुनंदाताई उठून म्हणाल्या, "द्या. पण आमची भातं, काजू आणि देऊळपण फ्लॅटात बसवून द्या. आणि आमची स्मशानंसुद्धा." हसणं थांबलं. मग अध्यक्षांनी पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, "पण ताई, साकव आहे ना तुमच्याकडे? इथे सुस्थितीत लिहिलंय."

मी उभा राहिलो.

"तो शेरा माझ्या हातचा आहे आणि अपुरा आहे. साकव पावसाळ्यात नसतो. पूल नसलेल्या नदीवर गाड्या मोजून काही हाती लागत नाही, म्हणून मी माणसं मोजून आणली आहेत." तक्ता पुढे पाठवला. तो हातोहात व्यासपीठावर पोचला.

मोठे साहेब पुढच्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून फक्त म्हटलं, "खाली बसा." तिसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली: परवानगीशिवाय बैठकीत बोलल्याबद्दल खुलासा सादर करावा. मी तो एका वाक्यात दिला. साकव पावसाळ्यात नसतो. त्या उत्तराने माझी बढती गेली ती गेलीच, निवृत्तही शाखा अभियंता म्हणूनच झालो. याचं वाईट वाटतं का? वाटतं. बायकोने तर नव्या पाटीची जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

पण साहेब सरळ माणूस होते असं वर म्हटलं ते उगाच नाही. श्रावणात एका सकाळी त्यांची गाडी माझ्या दारात उभी राहिली. "चला, तुमची नदी दाखवा."

पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं, तांबडं लाल. पलीकडे तात्यांना कसं कळलं कोण जाणे, ते इरलं पांघरून काठावर आले. हातात किटली, दुसऱ्या हातात कप. साहेब दिसले तसे त्यांनी दोन्ही खाली ठेवून हात जोडले आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, "सायेब, माफी करा! च्या केलाय, पन देऊ कसा?"

तासभर साहेब तिथेच उभे होते. तात्याही हलले नाहीत. पाहुणा दारात आणि आपण त्याला घोटभर चहा पाजू शकत नाही, या शरमेने तो म्हातारा रडत होता. माझे सगळे रकाने एकीकडे आणि तो चहा एकीकडे. गाडीत बसल्यावर साहेबांनी फाइल मागितली, जुना शेरा स्वतः खोडला आणि शेजारी सही केली.

त्यानंतरही पूल काही जादूने उभा राहिला नाही. आधी नाममात्र तरतूद, मग प्रतीक्षा, मग निविदा. एका पावसाळ्यात अर्धवट खांब नुसते उभे. जोडरस्त्याच्या जमिनीसाठी भावकीत भांडणं. दर टप्प्याला सुनंदाताई हजर, मी हजर. समुद्राकडचा पूलही झाला, आमच्या आधी. आमचाही शेवटी झाला. मी निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, तरी उद्घाटनाला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं, तरी पहिल्या रांगेत बसलो.

पुलावरून वाडीत गेलेली पहिली मोटार विलासची होती. तो बापाला न्यायला आला होता. गाडी थेट अंगणात लागली. तात्यांचं गाठोडं मागे ठेवलं, तात्यांना पुढे बसवलं. मी निरोप द्यायला गेलो.

"आता काय सांगू त्याला, सायेब?" तात्या म्हणाले. "साकव घालायचा हाय म्हनून इतकी वर्सं रायलो. आता माजं हितं काय काम?"

वाडी राहावी म्हणून पूल आणला आणि पहिलाच माणूस त्या पुलावरून निघून गेला. सुनंदाताई खिडकीशी वाकून विलासला म्हणाल्या, "शिमग्याला घेऊन ये. आता गाडी दारात येते, कारणं सांगू नकोस." गाडी गेल्यावर त्या पदराने डोळे पुसत माझ्यावरच चिडल्या, "असे काय उभे राहिलात? वरच्या कोंडीला चला. तिथेपण नदी आहे."

वरची कोंड म्हणजे त्याच नदीवर आणखी आत असलेली दहा घरं. ताईंचं तिथेही काम. तिथला साकव घालणारा म्हातारा वारला होता आणि दोन वर्षं लोक पाण्यातूनच ये-जा करत होते. मी त्यांचा अर्ज लिहून दिला. आषाढात जाऊन काठावर बसलो, रकाने आखले, माणसं मोजली. आता माझ्याकडे नोकरी नाही, त्यामुळे नोटीसही नाही.

शिमग्याला पालखी नाचवायला विलास खरंच तात्यांना घेऊन आला. परतीच्या दिवशी गाडी तयार झाली आणि तात्या सापडेनात. शोधता शोधता आम्ही वरच्या कोंडीच्या नदीवर पोचलो. धोतर वर खोचून तात्या पाण्यात उभे होते आणि पायाने वाळू चाचपत होते. काठावर पाच-सहा बायका, दोन म्हातारे, किंजळीच्या मेढी. साकव घालायची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण मिरगाला अजून अडीच महिने होते.

विलास काठावरून हाका मारून थकला. शेवटी मी म्हटलं, "तात्या, पुढच्या बैठकीत या पुलाचं नाव आहे. मी जाणार आहे. कशाला या वयात पाण्यात उतरलात?"

तात्यांनी मेढ रोवली, हलवून पाहिली आणि वर न बघताच म्हणाले, "तुमी पूल घाला, सायेब. तवर मी साकव घालतंय."